माउथपीस (पितळी वाद्ये)

ट्रंपेट, कॉर्नेट, हॉर्न, ट्राँबोन, युफोनियम, ट्यूबा इत्यादी पितळी सुषिर वाद्यांचा ओठांना टेकणारा, काढता-घालता येणारा धातूचा भाग. या वाद्यांत पत्ती (फुंकल्यावर कंप पावणारी पातळ पट्टी) नसते. वादकाचे ओठच कंप पावून पत्तीचे काम करतात आणि नळीतील हवेशी त्यांची सांगड माउथपीस घालून देतो. म्हणून हौशी वादकाने वाद्य आणि माउथपीस यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

माउथपीसला ओठांवर बसणारा गोल काठ, त्यामागे वाटी, वाटीच्या तळाशी गळा म्हणजे अरुंद छिद्र, तेथून रुंदावत जाणारी पोकळी आणि वाद्यात शिरणारी निमुळती दांडी असे भाग असतात. वाटीतील व गळ्यातील हवा मिळून एक अनुनादक, म्हणजे ठरावीक कंप्रतेला (दर सेकंदाच्या कंपनांना) घुमणारी पोकळी, तयार होतो. काठावर तळहाताने थाप मारल्यास ऐकू येणारा बोदा ‘टप्’ असा नाद त्याचाच. वाटी उथळ असल्यास या अनुनादाची कंप्रता वाढते, वरच्या स्वरांशांना (मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या उंच स्वरांना) बळ मिळते आणि नाद झळाळतो. खोल वाटीने तो गडद व मऊ होतो. हॉर्नचा माउथपीस वाटीपेक्षा नरसाळ्यासारखा असतो. सतराव्या-अठराव्या शतकांतील म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ट्रंपेटच्या माउथपीसांचा काठ बहुधा सपाट व गळ्याची कड धारदार आढळते. मात्र सुटा माउथपीस मूळच्या वाद्यापासून सहज दुरावत असल्याने अशा कालनिश्चितीवर फार भार टाकता येत नाही.

आकार सांगण्याची सर्वमान्य पद्धत नाही. ऑस्ट्रियात जन्मलेले ट्रंपेटवादक व्हिन्सेंट बाख (१८९०–१९७६) यांनी १९१८ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये माउथपीस बनवण्यास सुरुवात केली. त्यांच्या पद्धतीत आकडा लहान तितका व्यास मोठा, तर अक्षर वाटीची खोली दाखवते व ‘ए’ सर्वांत खोल असते. त्यानुसार ट्रंपेटच्या ‘७सी’चा आतील व्यास १६.२० मिमी., तर ‘१½सी’चा १७.०० मिमी. दिला जातो. यामाहा या जपानी उत्पादकाच्या क्रमांकांत नेमके उलट, म्हणजे ‘११बी४’पेक्षा ‘१६सी४’ रुंद असतो. शिवाय काठाची आतली कड गोलाईत उतरत असल्याने व्यास किती खोलीवर मोजला यावर आकडा बदलतो. दोन उत्पादकांचे तक्ते शेजारी ठेवून केलेली तुलना त्यामुळे फसवी ठरते. रुंद माउथपीस हा प्रगतीचा टप्पा होय, असा समज हौशी वादकांत आढळतो. नियमित सराव नसलेल्या ओठांना रुंद व्यास लवकर थकवतो, त्यामुळे मध्यम आकार टिकवून ठेवण्याचे मत अधिक ग्राह्य वाटते. उथळ वाटीने वरच्या स्वरांचा पल्ला वाढतो या समजालाही मर्यादा आहेत : ओठ वाटीत शिरून तळाला टेकले की कंपनच थांबते.

दांडीचे माप वाद्यावर अवलंबून असते. सुमारे १२.७ मिमी. छिद्रव्यासाच्या ट्राँबोनला सहसा लहान, तर १३.९ मिमी.च्या ट्राँबोनला मोठी दांडी लागते. काही जुन्या युफोनियमना या दोहोंमधली लागते. विजोड दांडी एक तर डुगडुगते किंवा पुरेशी आत जात नाही, आणि मग वाद्य बेसूर वाटू लागते. वापरलेले वाद्य घेताना व्हॉल्व्हमधून (हवेची वाट बदलणाऱ्या झडपांमधून) हवा गळते का व सरकनळ्या (नळीची लांबी बदलणाऱ्या सरकत्या नळ्या) मोकळ्या आहेत का, हे पाहतातच. ब्रिटिश ब्रासबँडच्या जुन्या वाद्यांबाबत स्वरपट्टीही तपासणे आवश्यक असते. हे बँड १९६० च्या दशकापर्यंत सुमारे ४५२ हर्ट्‌झच्या (ही ‘ए’ स्वराची कंप्रता) उंच पट्टीत वाजत. आजच्या प्रमाण ४४० हर्ट्‌झशी हा फरक जवळजवळ पाव स्वराचा आहे. तो मुख्य सरकनळी लांबवून काढला, तरी व्हॉल्व्हच्या नळ्या प्रमाणात आखूड राहतात आणि त्याही जुळवाव्या लागतात.

धातूचा नादावर किती परिणाम होतो, हा जुना वाद आहे. वादक सोन्याचा मुलामा ‘ऊबदार’ व चांदीचा ‘स्वच्छ’ म्हणतात, तर ध्वनिशास्त्राचे अभ्यासक आतील पोकळीचा आकार निर्णायक मानतात. ट्राँबोनच्या कर्ण्याच्या पत्र्याची जाडी बदलून, वादकांना ती कळू न देता घेतलेल्या चाचण्यांत त्यांना भेद ओळखता आला नाही. त्यामुळे दुसऱ्या मताकडे कल झुकतो. मुलाम्याचे व्यावहारिक महत्त्व मात्र निर्विवाद आहे, कारण तो झिजून उघडे पडलेले पितळ काहींच्या ओठांना चुरचुरते. अशांना प्लास्टिकच्या काठाचा पर्याय उपलब्ध असतो.