योंगजुन (कोरियन ड्रॅगन-रांजण)

कोरियातील जोसॉन राजवटीत (१३९२–१९१०) दरबारासाठी घडवलेला चिनी मातीचा मोठा रांजण. पांढऱ्याशुभ्र अंगावर निळ्या रंगात ढगांतून झेपावणारा ड्रॅगन रंगवलेला असतो. राजविधींत आणि मेजवान्यांत असे रांजण मद्यासाठी किंवा फुलांच्या मांडणीसाठी वापरत. कोरियन कल्पनेत ड्रॅगन पाण्याचा व पावसाचा स्वामी आणि राजाचे प्रतीक. राजाच्या चेहऱ्यालाही ‘ड्रॅगनमुख’ म्हणत.

हे रांजण सोलजवळच्या, ग्यॉंगी प्रांतातील ग्वांगजू येथील सरकारी भट्ट्यांत होत (दक्षिणेकडचे ग्वांगजू शहर वेगळे). भट्टीला सरपण फार लागे. जवळचे जंगल संपले की साधारण दहा वर्षांनी ती हलवावी लागे. १७५२ मध्ये ती बुनवॉन येथे कायमची स्थिरावली. एवढे मोठे भांडे चाकावर एकसंध उभे राहत नाही, म्हणून वरचा व खालचा भाग वेगळा घडवून मध्यावर जोडत. कित्येक रांजणांच्या पोटावर तो सांधा जाणवतो, आकारही किंचित कलता असतो. चिनी दरबारी भांड्यांच्या काटेकोरपणापेक्षा हा मोकळेपणाच डोळ्यांत भरतो. चित्रकाम मात्र कुंभाराचे नव्हे. त्यासाठी राजधानीतून दरबारी चित्रकार येत. झिलई न चढवलेल्या भांड्यावर कोबाल्टने (निळा रंग देणाऱ्या खनिजाने) चित्र काढून वर झिलई चढवीत आणि मग ते भाजत.

योंगजुनचा इतिहास बराचसा या कोबाल्टचाच इतिहास आहे. तो चीनमार्गे येई आणि अतिशय महाग पडे. राजा सेजोच्या काळात (१४५५–१४६८) देशातच त्याचा शोध घेतला गेला, पण आयात काही सुटली नाही. १५९२–१५९८ चे जपानी आक्रमण आणि १६२७ व १६३६ च्या मांचू स्वाऱ्या यांनंतर तो मिळेनासा झाला. चिनी दूतांच्या स्वागताला ड्रॅगन-रांजण तर हवेच. तेव्हा कोऱ्या पांढऱ्या रांजणांवर तात्पुरत्या रंगाने ड्रॅगन काढून वेळ निभावली गेली. सतराव्या शतकात लोहयुक्त रंगाने तपकिरी ड्रॅगनही रंगवले गेले. वटारलेले डोळे आणि सैल, वेगवान कुंचला यांमुळे टंचाईतले हे ड्रॅगन निळ्यांपेक्षाही जिवंत वाटतात. असा एक रांजण १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ८४ लाख डॉलरना विकला गेला.

अठराव्या शतकात निळा रंग परतला. राजा यॉंगजोला ही उधळपट्टी वाटली. १७५४ मध्ये त्याने भांड्यांवरील निळ्या चित्रकामाला बंदी घातली, पण योंगजुनला तेवढे वगळले. या काळातील नमुन्यांत ड्रॅगन रांजणाला वेढा घालून ज्वाळांनी वेढलेल्या मण्याकडे झेपावतो. खांद्यावर व तळाशी नक्षीचे पट्टे असतात. पंजाला कधी पाच, कधी चार, कधी तीन नखे दिसतात. १८८० च्या दशकात बुनवॉनची भट्टी खासगी हातांत गेली आणि दरबारी भट्ट्यांची परंपरा तिथेच खंडित झाली.