डिफिब्रिलेशन (छातीला विजेचा शॉक)

हृदयाचे खालचे दोन कप्पे एका दमात आवळायचं सोडून नुसते थरथरायला लागले की त्याला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात, रक्त पुढं जातच नाही, अन् ती थरथर मोडायला द्यायचा विजेचा झटका म्हणजे डिफिब्रिलेशन. बीड-परभणीकडं सरसकट "अटॅक आला, शॉक दिला" म्हणतात, पण अटॅक म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी तुंबणं अन् हा हृदयातल्या करंटचा गोंधळ. पहिल्यातून दुसरं होऊ शकतं. बंद पडलेलं हृदय शॉकनं चालू होतं हेही खरं नाही, मॉनिटरवर सरळ रेघ असेल तर शॉकचा उपयोग नसतो. शॉक सगळ्या पेशींना एकदम गप्प करतो, मग हृदयातलीच ठोके देणारी गाठ ताबा घेते.

शोध कोणाचा यावर वाद आहे. डेन्मार्कचा आबिल्डगार्ड १७७५ च्या सुमाराला कोंबडीला डोक्यावर शॉक देऊन निपचित पाडायचा अन् छातीवर देऊन उठवायचा, काही जण सुरुवात इथूनच धरतात. पण तेव्हा ईसीजी (हृदयातल्या विजेचा आलेख) नव्हताच, कोंबडीच्या हृदयात थरथर होती का ती नुसती बेशुद्ध पडली होती हे कसं ठरवणार? त्यापेक्षा जिनीव्हाचे प्रेव्होस्ट अन् बातेली (१८९९) यांना मान देणं बरं, कारण कमी करंटनं थरथर सुरू होते अन् जास्त करंटनं तीच थांबते हे त्यांनी कुत्र्यांवर दाखवलं. ओल्या पायानं शेतातली मोटर चालू करायला गेलेला माणूस २३० व्होल्टला जागेवर जातो त्यात बऱ्याचदा हीच थरथर असते. पुढं अमेरिकेत लाईनमन मरायला लागले म्हणून वीज कंपन्यांनी पैसा घातला अन् कौवेनहोव्हेन वगैरेंनी तेच नव्यानं शोधून काढलं.

माणसावर पहिलं यश क्लीव्हलँडच्या बेक यांचं, १९४७, १४ वर्षांचा मुलगा, छाती उघडून. छाती न उघडता झोल यांनी १९५६ च्या आसपास केलं, पण एसी (घरातल्या विजेसारख्या, दिशा बदलत राहणाऱ्या) करंटनं. डीसीचं (दिशा न बदलणाऱ्या करंटचं) श्रेय बहुतेक ठिकाणी लाऊन यांना (१९६२) देतात, खरं तर सोव्हिएत गुर्विच अन् युनिएव्ह यांनी १९३९ लाच कपॅसिटरचा (वीज साठवून एकदम सोडणाऱ्या भागाचा) शॉक वापरला होता. लाऊन यांनी तो दवाखान्यात रुजवला असं म्हणणं जास्त रास्त. आताच्या बायफेजिक (शॉकची दिशा मधेच उलटवणाऱ्या) मशीनला साधारण १२० ते २०० ज्यूल ऊर्जा पुरते, जुन्या मोनोफेजिकला (एकाच दिशेच्या) ३६० लागायची.

गोळ्यांनी हे टळेल असं आधी वाटायचं, पण १९८९ च्या कास्ट नावाच्या अभ्यासात फ्लेकेनाइड-एनकेनाइड या ठोके आवरायच्या औषधांनी जास्तीचे ठोके कमी झाले अन् मृत्यू मात्र वाढले. मिरोव्स्की यांची शरीरात बसवायची, आपोआप शॉक देणारी डबी (आयसीडी) १९८० ला पहिल्यांदा माणसात बसवली, तेव्हा पोटात, आता गळपट्टीच्या हाडाखाली.

शॉकशिवाय अन् छाती न दाबता गेलेल्या दर मिनिटाला वाचायची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते, म्हणून आखाड्यावरून (शेतातल्या वस्तीवरून) माणूस घाटीला (औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात) न्यायचा असला तरी आधी जागेवरच छाती दाबायची; करंट लागला असेल तर त्याच्याही आधी मेन स्विच बंद करायचा.