जळू आणि सिरावेध: पायाच्या शिरांसाठी दोन्ही एकच नव्हेत

ठाण्यात कुणाच्या पोटरीवर निळसर, वेड्यावाकड्या शिरा दिसल्या की सल्ला ठरलेला: "रक्तमोक्षण करून घ्या, वाईट रक्त निघून जाईल." ते जळवांनी करायचं की शिरेत सुई घालून, म्हणजे सिरावेधाने, हे सांगणाराही विचारत नाही आणि ऐकणाराही. जिथे जे मिळेल ते करून लोक मोकळे होतात. या सरमिसळीने पेशंटचं नुकसान होतं.

व्हेरिकोज व्हेन्स म्हणजे काय, हे गावदेवी मार्केटमध्ये दिवसभर उभ्याने माल विकणाऱ्याला किंवा तुर्भ्याच्या एपीएमसीतल्या माथाडीला सांगायची गरज नाही. शिरेतल्या झडपा सैल पडतात, वर जायचं रक्त खाली घसरतं, शीर फुगते. आयुर्वेदात याच्या सर्वांत जवळचं वर्णन सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातल्या सिराज ग्रंथीचं, म्हणजे शिरांच्या गाठीचं. तिथे असंही म्हटलंय की दुखणारी आणि हलणारी गाठ कष्टाने बरी होते. न दुखणारी, न हलणारी, मोठी किंवा मर्मावरची असेल तर वैद्याने हात घालू नये. 'शंभर टक्के मुळापासून बरं' अशा जाहिराती करणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं.

जळू बहुतेकांनी निदान मोबाइलवर पाहिलेली असते. हळदीच्या पाण्यात सोडून तिला तरतरीत करतात, मग त्वचेवर धरतात. ती मान उंचावून, तोंड घोड्याच्या खुरासारखं रोवून बसली की समजायचं, धरलं. वर ओल्या कापडाची घडी. पोट भरलं की साधारण अर्ध्या-पाऊण तासात आपणच गळून पडते. मग तोंडाला हळद लावून तिला प्यायलेलं रक्त ओकायला लावतात. एक जळू साधारण ५ ते १५ मिलिलिटर पिते. पण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं हिरुडिन असतं, त्यामुळे जखम पुढे कित्येक तास झिरपत राहते. घरी गेल्यावर पट्टी भिजली तर घाबरू नका. मात्र धार लागली किंवा थांबायचं नावच घेत नसेल तर लगेच डॉक्टर गाठा.

सिरावेधात दंड किंवा मांडी आवळून शीर उठवतात आणि सरळ तिच्यातच सुई घालतात. रक्त धारेने येतं. ग्रंथात वरची मर्यादा एक प्रस्थ (जुनं माप) आहे. आजचे जाणते वैद्य त्याहून फारच कमी काढतात. १६ वर्षांखालच्यांना आणि सत्तरी ओलांडलेल्यांना तो अष्टांगहृदय या ग्रंथाचे कर्ते वाग्भट यांनी वर्ज्य सांगितलाय. दोन्हींत वेळ, खर्च, पथ्य यांचे फरक आहेत, ते वैद्य सांगतीलच.

खरी गल्लत रक्त कुठून येतं इथे आहे. जळू त्वचेतल्या बारीक केशवाहिन्यांतून पिते. फुगलेल्या शिरेशेजारी लावली तरी झडपेला तिचा स्पर्शही होत नाही. म्हणून तिचा उपयोग शिरेपेक्षा भोवतालच्या त्वचेला: घोट्याजवळची काळवंडलेली, खाजरी, ताणलेली कातडी, न भरणारा व्रण. वाग्भटांनीही अष्टांगहृदयात दोन्हींची कामं वेगळी सांगितलीत: गाठाळलेल्या रक्ताला जळू, अंगभर पसरलेल्याला सिरावेध. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २००४ साली जळवांना मान्यता दिली, ती प्लास्टिक सर्जरीत जोडलेल्या भागात रक्त तुंबतं त्यासाठी. ती बातमी दाखवून 'व्हेरिकोजवर अमेरिकेचं शिक्कामोर्तब' म्हणणं ही शुद्ध दिशाभूल आहे.

सिरावेध थेट शिरेतून घेतो, म्हणून पाय त्याच दिवशी हलका वाटतो. त्यावरच लोक फसतात. शीर रिकामी झाली, पण झडप तशीच सैल आहे. उभं राहिलं की ती पुन्हा भरणार. गळका नळ तसाच ठेवून बादली ओतून देण्यासारखं हे आहे. वर 'बघा किती काळं रक्त निघालं' म्हणून पेशंटला वाटी दाखवतात, याची मला सर्वांत जास्त चीड आहे. कोणाच्याही शिरेतलं रक्त गडदच असतं, कारण त्यात ऑक्सिजन कमी असतो. रक्तदानाची पिशवी पाहा, धडधाकट माणसाचंही तसंच दिसतं. त्या रंगावरून आजार ठरत नाही आणि तो बरा झाल्याचंही कळत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. घोट्याजवळ त्वचा बिघडलीय किंवा व्रण आहे, तर जळवांचा विचार जरूर करा. नेरूळसारख्या ठिकाणी आयुर्वेद महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, तिथे विचारा. एकाला लावलेली जळू दुसऱ्याला लावत नाहीत याची खात्री करून घ्या, कारण एकाच्या रक्तातला संसर्ग दुसऱ्याला होऊ शकतो. शिवाय नव्या जळूच्याही पोटातल्या जिवाणूंनी जखम चिघळू शकते. फुगलेल्या, पातळ झालेल्या शिरेतच सुई घालायला मात्र मी कुणाला सांगणार नाही. झडपेच्या दोषाला गुडघ्याखालपर्यंतचे घट्ट मोजे, पाय उंच ठेवणं, तलावपाळीला रोज चालणं आणि गरज पडली तर लेझर किंवा शस्त्रक्रिया. सहचरादी हे आयुर्वेदिक तेल हलक्या हाताने, घोट्याकडून वर लावा. रगडू नका.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, हिमोग्लोबिन कमी असेल, गरोदर असाल, तर दोन्हींआधी डॉक्टरांना विचारा. आणि एकच पाय अचानक सुजला, गरम झाला, पोटरी दुखायला लागली, तर जळू नको, सुई नको, तेलही नको. खोल शिरेत गुठळी असू शकते, ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. त्याच दिवशी डॉप्लर (शिरांची सोनोग्राफी) करून घ्या.