लवणासुराचं रक्त आणि लोणारचं पाणी

जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणी बघता बघता गुलाबी झालं. टाळेबंदीचे दिवस होते, फोटो मोबाइलवरून घरोघरी पोहोचले आणि लवणासुराची गोष्ट पुन्हा सगळ्यांच्या तोंडी आली.

गोष्ट अशी: लवणासुर नावाचा दैत्य इथे जमिनीखालच्या विवरात दडून राही आणि आसपासच्या लोकांना छळे. विष्णूने दैत्यसूदनाचं रूप घेतलं, पायाच्या अंगठ्याने विवराचं झाकण उडवलं आणि दैत्याला मारलं. सरोवराचं पाणी म्हणजे त्याचं रक्त, त्यातला खार म्हणजे त्याचं मांस. झाकण जिथे जाऊन पडलं ती धातफळजवळची टेकडी. लोणार गावात दैत्यसूदनाचं कोरीव देऊळ आजही उभं आहे.

आधी रक्ताचं बघू. सरोवराच्या पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत तपासले गेले. सुरुवातीला संशय शेवाळावर होता, पण सापडले ते खारप्रेमी सूक्ष्मजीव, हॅलोआर्किया. पाऊस कमी, ऊन कडक, त्यामुळे पाणी आटलं, खार वाढला आणि या जिवांची चंगळ झाली. त्यांच्या पेशींत गाजराच्या रंगाशी नातं सांगणारी लालसर रंगद्रव्यं असतात. कडक उन्हापासून ती पेशीचं रक्षण करतात. असे अब्जावधी जीव एकत्र आले की पाणीच रंगतं. पावसाने खार सौम्य झाल्यावर ते तळाशी बसले आणि रंग ओसरला. लोणारचा रंग याआधीही बदलल्याचं जाणकार सांगतात. तेव्हा पूर्वी कुणी काठावर उभं राहून लालसर पाणी पाहिलं असेल आणि त्याला रक्त म्हटलं असेल, हे मला अगदी शक्य वाटतं.

मांसाचा, म्हणजे खाराचा भाग तर निखळ निरीक्षणाचा आहे. झरे आणि ओढे बेसॉल्टच्या खडकातले क्षार विरघळवून सरोवरात आणतात. बाहेर जायला पाण्याला वाटच नाही, फक्त वाफ होऊन उडतं. क्षारांतलं कॅल्शियम हे कार्बोनेटच्या रूपात तळाला बसतं आणि मागे उरतो सोडियमचा खार. म्हणून इथल्या पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप, १० च्या आसपास मोजला गेला आहे (शुद्ध पाण्याचा ७ असतो). उन्हाळ्यात काठावर पांढरी पापडी धरते. हा खार गोळा करून विकला जाई. साबण आणि काचेसाठी तो लागे.

झाकणापाशी मात्र थांबायला हवं. हे विवर अशनीच्या, म्हणजे अवकाशातून आलेल्या दगडाच्या आघाताने झालं. त्यावरून 'पूर्वजांनी उल्का पडताना पाहिली' असा निष्कर्ष अनेकजण उत्साहाने काढतात. विवराचं वय एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षं निघालं, तर नंतर खडकातल्या आर्गॉन वायूच्या मोजणीने सुमारे ५ लाख ७० हजार. यातला कुठलाही आकडा घ्या, एवढ्या काळात एखादी आठवण तोंडोतोंडी टिकून राहणं मला पटत नाही. पण सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा हा गोल खड्डा आणि जमिनीपेक्षा उचललेली त्याची कड ज्यांनी रोज पाहिली, त्यांना इथून काहीतरी उडून बाहेर पडलंय हे जाणवलं असणार. भूशास्त्रज्ञांना तेवढ्यावर भागत नव्हतं. कित्येक वर्षं हे ज्वालामुखीचं विवर मानलं जाई. १९७३ मध्ये इथल्या खडकांत मास्केलिनाइट सापडल्याचं प्रसिद्ध झालं. फेल्डस्पार खनिजावर वातावरणाच्या काही लाख पट दाबाचा धक्का बसला की त्याची अशी काच होते. ज्वालामुखीला ते जमत नाही. अशनीच हवा.

सरोवराकाठी कमळजादेवीच्या देवळाजवळ सासू-सुनेची विहीर आहे. एका बाजूचं पाणी गोड, दुसऱ्या बाजूचं खारं, असं सांगतात. उतारावरून झिरपणारं गोडं पाणी आणि सरोवराचं खारं पाणी काठावर भेटतात, हे कारण मला पुरेसं वाटतं. त्या गोड्या पाण्याचं प्रमाण किती, यावर सरोवराचा खार आणि त्यातले दुर्मीळ सूक्ष्मजीव अवलंबून आहेत. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा मान मिळाला. गावातलं सांडपाणी सरोवरात उतरू न देणं ही त्यानंतरची खरी निकड आहे, कारण पाणी सौम्य झालं तर या जिवांना जायला दुसरं सरोवर जवळपास कुठेही नाही.