बहात्तरपासून ग्लासगोपर्यंत: हवामान न्यायाच्या भाषणांमागचा इतिहास

सोलापुरात ‘बहात्तर’ म्हटलं की दुष्काळ. पुढे साल-सन काही जोडावं लागत नाही. खडी फोडण्याचं काम, सुकडी, घशाखाली न उतरणारी लाल मिलोची (परदेशातून आलेल्या ज्वारीची) भाकरी. त्याच १९७२ च्या १४ जूनला इंदिरा गांधी स्टॉकहोमच्या पर्यावरण परिषदेत बोलायला उभ्या राहिल्या. यजमान स्वीडनचे ओलोफ पाल्मे सोडले, तर पंतप्रधान म्हणून आलेल्या त्या एकट्याच.

‘गरिबी हेच सर्वात मोठं प्रदूषण’ असं वाक्य त्यांच्या नावावर खपवलं जातं. प्रत्यक्षात त्यांनी विचारलं होतं, की गरिबी आणि गरज हेच सर्वात मोठे प्रदूषक नाहीत का? जंगलाकाठच्या माणसाच्या हाताला काम दिल्याशिवाय त्याला ‘झाड तोडू नको’ म्हणता येत नाही, हा त्यामागचा मुद्दा. मात्र त्याच भाषणात सम्राट अशोक होता आणि अथर्ववेदातलं पृथ्वीसूक्तही. हक्काने बोलणारा गरीब देश आणि भूमीला आई मानणारी जुनी संस्कृती, ही भारताची दोन्ही रूपं तिथेच एकत्र आली. पुढच्या वक्त्यांनी कधी एक पुढे केलं, कधी दुसरं.

१९९२ ला रिओच्या पृथ्वी परिषदेत ‘सामायिक पण वेगवेगळी जबाबदारी’ हे तत्त्व मान्य झालं, म्हणजे जबाबदारी सगळ्यांची, पण श्रीमंत देशांची जास्त. २००७ मध्ये जर्मनीत मनमोहन सिंग यांनी शब्द दिला, की भारताचं दरडोई (माणशी) कार्बन उत्सर्जन विकसित देशांच्या वर जाणार नाही. ‘दरडोई’ हा आपला सगळ्यात धारदार शब्द, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात सोयीचाही. मुंबईतला एसी आणि अक्कलकोटकडचा कोरडवाहू शेतकरी एकाच सरासरीत बसतात. हा शब्द दिला तेव्हाचे केंद्रीय ऊर्जामंत्री होते सोलापूरचेच सुशीलकुमार शिंदे.

२०१५ ला पॅरिसच्या हवामान परिषदेत नरेंद्र मोदींनी ‘हवामान न्याय’ (ज्यांनी जास्त धूर सोडला त्यांनी जास्त भार उचलावा) हा शब्द लावून धरला आणि आंतरराष्ट्रीय सौर आघाडीही तिथेच सुरू केली. पॅरिस करारात ‘हवामान न्याय’ हा शब्द आला, पण फक्त प्रस्तावनेत, आणि तोही ‘काहींच्या दृष्टीने महत्त्वाचा’ असा हातचं राखून. २०२१ ला ग्लासगोच्या हवामान परिषदेत मोदींनी हिशेबच मांडला: भारतात जगाची १७ टक्के लोकसंख्या, उत्सर्जन मात्र ५ टक्के. सोबत २०७० पर्यंत नेट झिरोचं, म्हणजे जेवढं उत्सर्जन तेवढंच शोषून घेण्याचं, वचन. तिथेच शेवटच्या क्षणी, भारताच्या आग्रहाने, कोळसा ‘बंद करू’चं ‘कमी करत नेऊ’ झालं.

तो कोळसा दक्षिण सोलापुरात एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीच्या ६६० मेगावॉटच्या दोन संचांत जळतो. त्या संचांना पाणी लागतं उजनी धरणाचं. शहराच्या नळालाही उजनीचंच, आणि ते काही रोज येत नाही.