‘फुल फ्रेम’ म्हणजे कशाच्या मानाने फुल?

फिल्म की डिजिटल, या चर्चेत चौथ्या-पाचव्या वाक्याला ‘फुल फ्रेम’ येतेच: म्हणजे प्रकाश टिपणारा तुकडा, सेन्सर, जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा असलेला डिजिटल कॅमेरा. फिल्म सोडायचीच असेल तर निदान फुल फ्रेम घ्या, क्रॉपवर, म्हणजे छोट्या सेन्सरवर, पैसे घालवू नका, असा सल्ला नवख्याला मिळतो. हा शब्द जितका ठाम वाटतो तितकाच त्याचा इतिहास गुंत्याचा आहे.

२४ बाय ३६ मिलिमीटरची ही चौकट सिनेमाच्या फिल्मवरून आली. सिनेमाची चौकट १८ बाय २४. सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या एका जर्मन कंपनीतल्या माणसाने तशा दोन चौकटींची एक केली, फिल्म आडवी चालवली आणि १९२५ मध्ये तो कॅमेरा बाजारात आला. (३५ मिलिमीटरच्या फिल्मवर ३६ ची चौकट मावते कशी, असे कुणीतरी विचारतेच. ३५ ही भोकांसकट पट्टीची रुंदी. ३६ ची बाजू पट्टीच्या लांबीवर पसरते.) म्हणजे सिनेमावाल्यांची पूर्ण चौकट ती फोटोवाल्यांची ‘हाफ फ्रेम’. आणि आज जिला ‘फुल’ म्हणतात, तिला तेव्हाचे व्यावसायिक ‘मिनिएचर’ म्हणत. आपल्याकडचे स्टुडिओही बराच काळ १२० च्या, म्हणजे रुंद फिल्मच्या, रोलवरच होते: दोन भिंगांचा कॅमेरा पोटाशी धरायचा, वरून वाकून पाहायचे, रोलला १२ फोटो. घरोघरी पोचलेल्या क्लिक थ्री या साध्या कॅमेऱ्याचीही चौकट ६ बाय ६ सेंटिमीटरची. तिच्यापुढे आजची ‘फुल’ पाव हिश्शाच्या आसपास भरेल.

नव्वदच्या दशकात लग्नाच्या ऑर्डरी ३५ च्या कलर रोलवर स्थिरावल्या. पिवळा डबा (कोडॅक) की हिरवा डबा (फुजी), एवढाच काय तो वाद. ३६ च्या रोलमधून ३८ फोटो काढणारा मुलगा हुशार ठरायचा, आणि ‘किती रोल मारले’ यावर बिल व्हायचे. स्टुडिओची खरी पुंजी मात्र कॅमेरा नव्हे, लेन्स होत्या. त्यातही २८ ची: लेन्सचा मिलिमीटरचा आकडा जितका लहान, तितके दृश्य रुंद. दहा बाय बाराच्या खोलीत हळद चाललेली, मागे कपाट, पुढे पाट, आणि आत्या-मावश्यांसकट सगळे फोटोत हवेत: तिथे २८ शिवाय भागत नसे.

डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुना १९७५ चा, अमेरिकेतला. एक फोटो कॅसेटवर उतरवायला त्याला २३ सेकंद लागत. ते असो. कामाचा प्रश्न उभा राहिला १९९९ मध्ये, एका जपानी कंपनीने २.७ मेगापिक्सेलचा, वृत्तपत्रांना परवडेल असा कॅमेरा काढला तेव्हा. त्यावर जुन्या लेन्स बसत होत्या, पण सेन्सर होता साधारण १६ बाय २४ चा. फिल्मची चौकट ८६४ चौरस मिलिमीटरची, सेन्सर ३७० च्या आसपास. कारण खर्चाचे होते. सिलिकनच्या एका चकतीतून मोठे सेन्सर कमी निघतात, आणि मोठ्या तुकड्यात दोष सापडण्याची शक्यताही वाढते, त्यामुळे किंमत आकाराच्या कितीतरी पट चढते.

स्टुडिओवाल्यांनी याचा अर्थ एका वाक्यात लावला: ‘५० ची लेन्स ७५ होते.’ होत नाही. लेन्स तीच राहते, फक्त कडेचा भाग सेन्सरबाहेर पडतो. पण हळदीच्या खोलीत हा खुलासा कुणाच्या कामाचा? २८ ची लेन्स ४२ सारखी दिसू लागली आणि मावश्या फोटोबाहेर गेल्या. अनेकांनी आणखी काही वर्षे रोल सोडला नाही, त्याचे श्रेय निगेटिव्हच्या रंगांना दिले जाते. माझ्या मते त्यात खोलीच्या भिंतीचा वाटा मोठा होता.

२००३ मध्ये दुसऱ्या एका जपानी कंपनीच्या कॅमेऱ्यासोबत ९९९ डॉलरला १८-५५ ची लेन्स मिळू लागली. छोट्या सेन्सरवर १८ ही जुन्या २८ सारखी दिसते, त्यामुळे ती अडचण सुटली. मात्र ही लेन्स छोट्या सेन्सरपुरतीच केलेली. त्याच कंपनीच्या रोलच्या कॅमेऱ्यावर ती बसतच नव्हती. ती घेतली की परतीची वाट बंद.

‘फुल फ्रेम’ हा शब्द नेमका याच काळात चिकटला. २००२ मध्ये २४ बाय ३६ चा सेन्सर असलेला एक कॅमेरा ८००० डॉलरच्या घरात आला, २००५ मध्ये त्याच कंपनीचा दुसरा ३३०० ला. प्रतिस्पर्धी कंपनी २००७ पर्यंत छोट्याच सेन्सरवर ठाम होती, मग तीही वळली. त्याआधी सेन्सर बनवणाऱ्यांच्या भाषेत ‘फुल फ्रेम’ ही आकाराची नव्हे, रचनेची संज्ञा होती: पूर्ण पृष्ठभाग प्रकाश टिपतो असा सीसीडी (सेन्सरचा एक प्रकार). त्यामुळे २००३ मध्ये २४ बाय ३६ च्या पाव आकाराचा सेन्सरही ‘फुल फ्रेम’ म्हणून जाहिरातीत झळकला, आणि त्या अर्थाने ते खोटे नव्हते. छोट्या सेन्सरचे ‘एपीएस-सी’ हे नाव तर १९९६ च्या एका फिल्मचे. ती फिल्म केव्हाच बंद पडली, नाव डिजिटलवर उरले.

लॅबमध्ये फिल्म आणि डिजिटल यांच्यातल्या सीमारेषा आधीच पुसल्या गेल्या होत्या. १९९६ पासून निगेटिव्ह स्कॅन करून लेझरने प्रिंट काढणारी यंत्रे आली. २००२ चा ‘रोलवरचा’ अल्बम तुमच्या कपाटात असेल तर त्यातले फोटो मधल्या टप्प्यावर डिजिटल झालेले असू शकतात. उलट डिजिटल लग्नांचे फोटो पुढे कित्येक वर्षे त्याच चांदीचे क्षार असलेल्या फोटोच्या कागदावर, त्याच केमिकलमधून निघत राहिले.

आता रोल परतला आहे. रोल, धुलाई आणि स्कॅन धरून हिशेब हजाराच्या पुढे जातो. २०२४ मध्ये एका जपानी कंपनीने फिल्मचा नवा कॅमेरा काढला, तोही हाफ फ्रेम: १७ बाय २४ ची चौकट, ३६ च्या रोलवर ७२ फोटो. क्षेत्रफळाने ही चौकट १९९९ च्या त्या ‘क्रॉप’ सेन्सरपेक्षा जेमतेम दहा टक्के मोठी आहे.