वारा सुटला म्हणून दुर्बीण आत नेऊ नका

"वारा असला की दीर्घिकांचे फोटो येत नाहीत," असं हौशी निरीक्षकांमध्ये वर्षानुवर्षं ऐकू येतं. यात दोन गोष्टींची गल्लत होते. तारे लुकलुकतात ते मुख्यतः वरच्या थरांत वेगवेगळ्या तापमानाची हवा घुसळली जाते म्हणून. अंगणातला वारा वेगळंच नुकसान करतो, तो दुर्बीण हलवतो. पाच मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये एक जोरदार झोत आला की सगळे तारे लांबुळके आणि फ्रेम वाया.

म्हणून एक्स्पोजर लहान ठेवा. सुमारे 1.2 कोटी प्रकाशवर्षं दूर असलेल्या एम 81 दीर्घिकेच्या 20 सेकंदांच्या 180 फ्रेम घेतल्या, तर तासाभराचा प्रकाश जमतो. वाऱ्याने 40 बिघडवल्या तरी 140 स्टॅकिंगसाठी, म्हणजे एकावर एक रचून एकच फोटो करण्यासाठी, उरतात. आजच्या सीमॉस सेन्सरच्या कॅमेऱ्यांचा रीड नॉइज (प्रत्येक फ्रेम वाचताना कॅमेरा स्वतःच मिसळतो तो गोंगाट) इतका कमी असतो, की असे तुकडे केल्याचा तोटा फारसा जाणवत नाही.

ट्रायपॉडचे पाय आखूड करा. पुढचं दवरोधक नळकांडं काढा; ते शिडासारखं वारा धरतं आणि वाऱ्यात दवही कमीच पडतं. लांब नळीच्या न्यूटोनियनला (आरशाच्या दुर्बिणीला) त्रास जास्त, छोट्या रिफ्रॅक्टरला (भिंगाच्या दुर्बिणीला) बराच कमी. दुर्बीण कोलमडेल असा वारा असेल तर मात्र ती आत घ्याच.